पुणे सोडून नाशिकला का आलात, असे तुम्ही विचारलेत म्हणून

लग्नकार्यात, पंचवटी एक्स्प्रेसच्या पासधारकांच्या डब्यात, मुलीच्या शाळेच्या पालकसभेत, सगळीकडे मला हा एकच प्रश्न विचारला जातो. पुण्यात चांगले बस्तान बसले होते, मग वर्षभरात तिथून उठून नाशिकला का आलात? विचारणाऱ्याने मनाशी उत्तर बहुधा ठरवलेले असते. एक तर पुणे परवडले नसावे, नाही तर घरात काही बिनसले असावे. यातले काहीही झालेले नाही. इतके दिवस मी "नाशिकची हवा चांगली आहे" एवढे सांगून विषय बदलत आलो. ते खोटे नव्हते. पण हवेसाठी कोणी भरलेले घर एका वर्षात दोनदा हलवत नाही, हे ऐकणाऱ्यालाही कळत होते आणि मलाही. म्हणून आता एकदाच सविस्तर लिहितो.

पुण्याआधी आम्ही राहत होतो ती डोंबिवली का सोडली, हे मात्र मला कोणी विचारत नाही. सकाळच्या फास्ट लोकलचे नाव काढले, की समोरचा मान डोलावतो आणि तो विषय तिथेच संपतो. मीही तो तसाच संपू देत आलो. त्याच्याकडे शेवटी यावे लागणार आहे.

२०२१च्या अखेरीस मुंबईतल्या आमच्या कार्यालयाने आठवड्यातून दोनच दिवस प्रत्यक्ष येण्याची मुभा कायम केली, आणि वीस वर्षांत पहिल्यांदा कुठे राहायचे हे ठरवणे माझ्या हातात आले. मी एक तक्ता केला. उभ्या रकान्यांत नवी मुंबई, पुणे, नाशिक आणि कोल्हापूर, आडव्या ओळींत चौदा निकष आणि प्रत्येकाला दहापैकी गुण. नवी मुंबई घरांच्या किमतीमुळे लगेच बाद झाली. कोल्हापूर मला मनापासून आवडते. पण २०१९ आणि २०२१ अशा दोन महापुरांनंतर तिथे घर पाहायला मन धजेना, आणि मुंबईचे अंतरही फार होते. उरली पुणे आणि नाशिक. केंद्राच्या गृहनिर्माण मंत्रालयाने २०१८मध्ये १११ शहरांचा राहणीमान निर्देशांक काढला होता, त्यात पुणे पहिले आले होते. पुढच्या, म्हणजे २०२०च्या निर्देशांकात मोठ्या शहरांत ते बंगळुरूच्या खालोखाल होते. एवढा आधार मला पुरेसा वाटला. माझ्या तक्त्यातही पुण्याला १४०पैकी १०८ आणि नाशिकला ९७ गुण मिळाले.

तो तक्ता मी अजून जपून ठेवला आहे. त्यात आईसाठी एकच ओळ होती, 'रुग्णालयापासूनचे अंतर'. त्या वेळी आई एकाहत्तर वर्षांची होती, रोज दोन वेळा घराबाहेर पडत होती, स्टेशनचा पूल चढून पलीकडच्या बाजारात जात होती, गुरुवारी भजनी मंडळात पेटी वाजवत होती. मी तिचा विचार केला तो फक्त उद्याची रुग्ण म्हणून. तिला आज सकाळी कुठे जायचे असेल, हा निकष मला सुचलाच नाही.

मे २०२२मध्ये आम्ही पुण्याला गेलो. महापालिकेत २०१७ साली ११ आणि २०२१ साली २३ गावे आली, त्यांपैकी पश्चिमेकडच्या एका गावात, बाह्यवळण मार्गापलीकडे आम्ही घर घेतले. विकत नाही, भाड्याने; आधी राहून पाहू आणि मग घेऊ, इतके शहाणपण मी दाखवले होते. सातवा मजला, तीन खोल्या, पोहण्याचा तलाव, मुलीसाठी सायकल फिरवायला आवारातच जागा. टँकरबद्दल ऐकायची तुमची अपेक्षा असेल. टँकर येत होते, उन्हाळ्यात दिवसाला कितीतरी येत होते, आणि त्या खर्चाने मेंटेनन्सही वाढला होता. पण पाण्यासाठी आम्ही पुणे सोडले नाही. त्या भागात हजारो कुटुंबे टँकरवर राहतात आणि आनंदाने राहतात.

आम्ही पुणे सोडले ते फेब्रुवारी २०२३मधल्या एका मंगळवारामुळे.

त्या सकाळी मी घरीच होतो. दार लावून, कानाला हेडफोन लावून एका लांबलेल्या बैठकीत बसलो होतो. साडेदहाच्या सुमारास आई दार किंचित उघडून काहीतरी म्हणाली. मी हाताने 'नंतर' अशी खूण केली. थोड्या वेळाने तिचा फोन आला, तो मी कापला. पुन्हा आला, पुन्हा कापला. घरातल्या घरात फोन कशाला करते आहे, असे मला वाटले आणि त्याचा रागही आला. बैठक संपल्यावर मी स्वयंपाकघरात गेलो, देवघरापाशी पाहिले, ती कुठेच नव्हती. मग गॅलरीत आलो. आमच्या गॅलरीतून खालचा मोठा रस्ता सरळ दिसत असे. त्या रस्त्याच्या मधोमध, दुभाजकावर, कण्हेरीच्या झुडपांमध्ये मला आईची जांभळी साडी दिसली.

लिफ्टची वाट न पाहता मी जिन्याने उतरलो. फाटकापासून ती जागा जेमतेम दोनशे पावलांवर होती, पण तिथवर पोहोचूनही मला पलीकडे जाता येईना. त्या रस्त्याला सिग्नल नव्हता आणि पट्टेही नव्हते. डंपर, कंपन्यांच्या बस आणि दुचाकी एकामागोमाग एक येत होत्या. ती माझ्यापासून वीस फुटांवर उभी होती, एका हाताने कण्हेरीची फांदी धरून. दुसऱ्या हातात कापडी पिशवी होती आणि तिच्यातून मेथीची जुडी बाहेर आली होती. एका पायात चप्पल नव्हती. ती रस्त्यावर चाकांखाली जाऊन चपटी होऊन पडली होती. तिने मला पाहिले आणि हात हलवला. मी घाबरून जाऊ नये म्हणून हलवावा तसा. मी गाड्यांसमोर हात पसरत, शिव्या खात तिच्यापर्यंत पोहोचलो. अर्धा रस्ता ओलांडून झाल्यावर उरलेला ओलांडायची संधीच तिला मिळाली नव्हती, आणि मागेही फिरता आले नव्हते. फोनमधल्या वेळा मी नंतर पाहिल्या. दुसरा फोन केल्यानंतर ती तिथे पन्नास मिनिटे उभी होती.

त्यानंतर मी जे बोललो, ते लिहिल्याशिवाय या उत्तराला अर्थ नाही. तिला हाताला धरून घरी आणले, पाणी दिले आणि म्हणालो, "कशाला गेलीस तू? ॲपवर मागवली असती ना मेथी, दहा मिनिटांत आली असती."

ती शांतपणे म्हणाली, "मेथी घरात होती रे. मी जरा जाऊन येत होते."

त्या दिवसानंतर आई खाली उतरली नाही. मी तिला संध्याकाळी आवारात फिरवायला न्यायचो, ती चार फेऱ्या घालायची आणि वर यायची. पण आपणहून दाराबाहेर तिने पाऊल टाकले नाही. दोन महिन्यांत ती वार विसरू लागली. डॉक्टरांनी तपासण्या केल्या, सगळे वयाप्रमाणे ठीक आहे असे सांगितले. एकदा भाजी चिरता चिरता पत्नी मला म्हणाली, "त्यांना वार लक्षात ठेवायचं कारणच राहिलेलं नाही. इथे गुरुवार येतो कुठे?" मी एप्रिलमध्ये घरमालकांना नोटीस दिली आणि जूनमध्ये आम्ही नाशिक रोडला आलो.

पुण्यातले मित्र हे ऐकून दुखावतात, आणि त्यांचे म्हणणे खोडून काढता येत नाही. ते म्हणतात, हा दोष पुण्याचा नव्हे, तू घर जिथे घेतलेस त्या जागेचा आहे. कोथरूडला किंवा पेठांमध्ये राहिला असतास, तर आई रोज चालत देवळात गेली असती. हे खरे आहे. आमच्याच भाड्यात कोथरूडला जुन्या इमारतीत दोन खोल्या मिळत होत्या आणि मी त्या पाहिल्याही होत्या. तिसऱ्या खोलीसाठी आणि पोहण्याच्या तलावासाठी मी त्या नाकारल्या. तलावात आमच्यापैकी कोणी एकदाही उतरले नाही. तक्त्यात मी पुणे आणि नाशिक यांची तुलना करत बसलो. राहायचे मात्र होते एका रस्त्याच्या एका बाजूला, आणि आईला लागणारे सगळे त्या रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला होते.

मग कोथरूडला का गेला नाहीत, हा पुढचा प्रश्न मला पत्नीनेच विचारला होता. माझ्याकडे तेव्हा धड उत्तर नव्हते. मी घाबरलो होतो आणि मला त्या शहरातून निघायचे होते, हे आज मान्य करतो. नाशिक रोडला माझी मावशी राहते, तिच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून जागा मिळाली, एवढ्यावर मी ठरवले. मूळ तक्त्यात नाशिकला '९७' मिळाले, त्यात मावशीचा एकही गुण नव्हता.

आई आता रोज सकाळी मावशीकडे चालत जाते. वाटेत एक किराणा दुकान, एक दत्तमंदिर आणि रस्ता ओलांडायची एकच जागा लागते, तीही शाळेसमोर असल्यामुळे वाहने हळू येतात. वार तिच्या लक्षात राहतात. तुम्ही विचारता त्या प्रश्नाचे सरळ उत्तर हवे असेल, तर ते हे आहे.

परंतु एवढेच सांगितले, तर मी तुमची फसवणूक करीन. पत्नी डोंबिवलीत सोळा वर्षे एका शाळेत शिकवत होती. ती नोकरी तिने माझ्या तक्त्यासाठी सोडली आणि आज ती कंत्राटी पद्धतीने, पूर्वीच्या निम्म्याहून कमी पगारावर शिकवते. मुलीने एका वर्षात दोन शाळा बदलल्या. पुण्यात तिला जिवाभावाच्या दोन मैत्रिणी मिळाल्या होत्या, नाटकाचा वर्ग मिळाला होता. नाशिकला आल्यावर ती महिनाभर माझ्याशी कामापुरतेच बोलत होती. आता ती दहावीत आहे आणि अकरावीला पुण्यालाच जाणार, असे तिने मला विचारलेले नाही, कळवले आहे. माझे मुंबईचे दोन दिवस पंचवटीने जातात, जायला पावणेचार तास आणि यायलाही तेवढेच. संध्याकाळी कसाऱ्याला गाडी थांबते, मागून ढकलणारी बँकर इंजिने लागतात, एकास सदतीस चढाचा तो घाट गाडी हळूहळू चढू लागते, आणि त्या वेळी हमखास माझा तक्ता करणारा जुना मी माझ्याशी भांडायला येतो.

तो म्हणतो, एका माणसाच्या सकाळच्या फेरीसाठी तू तिघांची आयुष्ये विस्कटलीस. पुण्यात मुलीला वाट सापडली होती, पत्नीलाही कायमची नोकरी मिळाली असती. रस्त्याला आज ना उद्या सिग्नल बसला असता. मी त्याला म्हणतो, तोवर आईने काय करायचे होते? त्यावर तो म्हणतो, आणि आता मुलीने काय करायचे? इगतपुरी येईपर्यंत आमचे हे चालते आणि त्याचे म्हणणे मला कधीही पूर्णपणे खोडता आलेले नाही.

मी त्याला एकच गोष्ट परत विचारतो, आणि तीच तुम्ही मला विचारत नाही. कार्यालयात दोनच दिवस जायचे होते, तर डोंबिवली सोडायची गरज कोणाला होती? पत्नीची नोकरी तिथे होती. मुलीची शाळा चालत जाण्याजोगी होती. आईचे तर सगळेच तिथे होते. गुढीपाडव्याची स्वागतयात्रा डोंबिवलीत १९९९ साली सुरू झाली, तेव्हा पहिल्या वर्षी ती नऊवारी नेसून त्यात चालली होती आणि पुढे एकही वर्ष चुकवले नव्हते. लोकलच्या गर्दीचा वीस वर्षांचा शीण फक्त मला होता. तो शीण खरा होता, त्याबद्दल मी कोणाची क्षमा मागणार नाही; दारात लटकून ज्यांनी प्रवास केला आहे त्यांना तो समजेल. पण चांगल्या राहणीमानाचा तो तक्ता मी चौघांच्या नावाने मांडला आणि गुण एकट्याने दिले. घरात एकालाही मी पेन्सिल दिली नव्हती.

आईला नाशिक आवडते का, असेही काही जण विचारतात. ती मावशीकडे जाते, हसते, बाजारात घासाघीस करते. पण बोलताना ती या घराला 'इकडे' म्हणते, आणि 'घरी' म्हणते तेव्हा तिला डोंबिवलीच अभिप्रेत असते. पाडव्याला जुन्या शेजारणी डोंबिवलीच्या फडके रोडवरून व्हिडिओ कॉल करतात आणि यात्रा पुढे सरकेपर्यंत ती फोन दोन्ही हातांत धरून उभी राहते, बसत नाही.

डोंबिवलीचे घर आम्ही विकलेले नाही. अकरा-अकरा महिन्यांच्या कराराने ते भाड्याने दिले आहे आणि चालू करार पुढच्या महिन्यात संपतो आहे. जून २०२५मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते भिवंडीजवळचे आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा खुला झाला, त्यामुळे गाडीने तिकडे जाणे पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे, हे आईने कोणाकडून तरी ऐकले आहे. परवा मी भाडेकरूंशी फोनवर बोलत असताना ती तांदूळ निवडत शेजारी बसली होती. फोन ठेवल्यावर ताटावरून नजर न उचलता तिने विचारले, "या खेपेला करार करायलाच हवा का रे?"

भाडेकरूंना मी रविवारपर्यंत कळवतो असे सांगितले आहे.