सोलापूर ते लंडन : अंतर किती, वेळ किती?

गड्डा यात्रा, म्हणजे सोलापूरची जानेवारीतली सिद्धेश्वराची जत्रा, आटोपली आणि लेकीकडे लंडनला जायची गडबड सुरू झाली. "विमानानं काय, दहा तासांत पोचणार की!" शेजारच्या मावशी म्हणाल्या. दहा तास खरेच, पण ते मुंबईपासून. सोलापूरकराचा प्रवास घराला कुलूप लावल्यापासून सुरू होतो.

मुंबई ते लंडन सरळ अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर. सोलापूर ते मुंबई रेल्वेने ४५५. एवढ्याला सिद्धेश्वर एक्सप्रेस अख्खी रात्र घेते. सकाळी मुंबईत उतरायचं, विमानतळ गाठायचा, सामान, तपासणी, इमिग्रेशन. विमान दुपारी उडालं तेव्हा घर सोडून पंधरा तास होत आले होते. शेंगाचटणीचा डबा प्लॅस्टिकच्या तीन पिशव्यांत गुंडाळून मोठ्या बॅगेत दिला होता, कडक भाकरी मात्र चुरा होईल म्हणून हातातच ठेवल्या.

२०२५ च्या एप्रिलपासून पाकिस्तानचं आकाश भारतीय विमानांना बंद आहे. त्यामुळे आमचं विमान आधी अरबी समुद्रावरून आखाताच्या दिशेनं गेलं. वळसा पडतो तो असा.

खरी गंमत वाऱ्याची. विमानं उडतात त्या दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात त्यांचा जोर जास्त. जाताना हा वारा समोरून येतो. समोरच्या पडद्यावर वेग ताशी आठशेच्याही खाली आलेला दिसत होता. परतताना तोच वारा पाठीशी, आणि आकडा हजाराला टेकला! जाताना दहा तास, येताना साडेआठ. अंतर तेवढंच.

मला सगळ्यात भावली ती संध्याकाळ. आपण पश्चिमेला पळतो, सूर्यही पश्चिमेला, म्हणून तो मावळता मावळत नाही. हातातल्या घड्याळात मुंबईचे रात्रीचे नऊ वाजले तरी पंखाच्या टोकावर तांबूस ऊन होतं आणि खाली ढगांची कड पेटल्यासारखी दिसत होती. एवढी लांबलेली संध्याकाळ मी आयुष्यात पाहिली नव्हती. खिडकीची जागा जरूर मागून घ्या.

हिवाळ्यात लंडन आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे, उन्हाळ्यात साडेचार. उतरलो तेव्हा तिथे संध्याकाळचे सहा आणि आमच्या अंगात रात्रीचे साडेअकरा. लेकीच्या दारात पोचेपर्यंत सोलापूर सोडून सव्वीस-सत्तावीस तास झाले होते.

आपल्याकडून जाणाऱ्यांना एवढंच सांगेन : सकाळी लवकरचं विमान असेल तर आदल्या रात्रीच्या गाडीवर विसंबू नका, एक दिवस आधी मुंबई गाठा. दुपारचं असेल तर सिद्धेश्वर सोयीची. परतताना विमान सकाळी उतरणारं बघा, म्हणजे दुपारी चारच्या सुमाराची वंदे भारत मिळते आणि साडेसहा तासांत सोलापूर.