सिरिंजमध्ये उरलेला लगदा

हाडातली छोटी पोकळी भरायला रुग्णाच्याच कमरेच्या हाडातून तुकडा काढतात, तेव्हा एका जखमेच्या दोन होतात. ही दुसरी जखम टळावी म्हणून सुईवाटे भरता येईल असं कॅल्शियम फॉस्फेट सिमेंट तपासायचं काम मी घेतलं. १९८०च्या दशकात ब्राऊन आणि चाउ या संशोधकांनी ही कल्पना मांडली, तेव्हापासून त्याचे कितीतरी प्रकार निघाले. आमचा साधा होता: अल्फा ट्रायकॅल्शियम फॉस्फेटची पावडर आणि २.५ टक्के डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेटचं द्रावण. पावडर विरघळते, हाडातल्या खनिजाशी मिळतेजुळते स्फटिक तयार होतात आणि एकमेकांत गुंततात. वाळावं लागत नाही, म्हणूनच ओल्या शरीरात ते घट्ट होतं.

सेट व्हायला किती वेळ लागतो, हे गिलमोर सुईने पाहायचं. आधी ११३.४ ग्रॅमची, मग ४५३.६ ग्रॅमची सुई पृष्ठभागावर अलगद टेकवायची आणि खूण उमटायची थांबली की वेळ नोंदवायची. घाई केली की सुई आपटते आणि नोंद वाया जाते. दाबाच्या चाचणीसाठी ६ मिलिमीटर जाडीचे, १२ मिलिमीटर उंचीचे नमुने ३७ अंशांवर रिंगर द्रावणात, म्हणजे शरीरातल्या द्रवासारख्या क्षारांच्या पाण्यात, ठेवले. बुडबुड्यांमुळे बरेच फुकट गेले, पण उरलेल्यांचे आकडे चांगले आले.

अडलं ते सिरिंजपाशी. मशीन ठरावीक वेगाने दट्ट्या दाबत होतं. त्यासाठी लागणाऱ्या जोराचा आलेख बराच वेळ सपाट राहिला आणि एकदम वर चढला. जोर वाढवावा म्हणून मी मशीनची मर्यादा वाढवली. ती माझी चूक होती. जोर वाढला तसं द्रव पुढे निघून गेलं आणि पावडर मागेच दाटली. मॅडमनी एवढंच विचारलं, "आत उरलंय त्याचं वजन केलंस का?"

मी सिरिंज कापली. आतला गोळा बोटांत खडूसारखा भुरभुरला. बाहेर आलेला आणि आत उरलेला लगदा वेगवेगळा तोलून, वाळवून पुन्हा तोलला. बाहेरच्यात द्रव स्पष्टपणे जास्त होतं. म्हणजे चमच्याने साच्यात भरून मी ज्याची ताकद मोजली होती, तो पदार्थ हाडात जाणारच नव्हता! जास्त द्रव म्हणजे जास्त छिद्रं, आणि छिद्रं म्हणजे कमी ताकद. आधीचे सगळे आकडे बाजूला ठेवावे लागले. फार जिवाला लागलं ते.

मग पावडर आणखी बारीक केली आणि द्रावणात हायड्रॉक्सिप्रोपिल मिथाइलसेल्युलोज हा द्रव दाट करणारा पदार्थ घातला. लगद्याला चिकटपणा आला, सेट व्हायला मात्र वेळ जास्त लागू लागला. म्हणून त्याचं प्रमाण थोडं थोडं कमी करत नेलं. ३७ अंशांच्या पाण्यात सोडून हलवल्यावर आधीचा लगदा पाणी दुधाळ करायचा. नव्याचा दोरा तसाच तळाशी पडून राहिला. तो क्षण मी विसरणार नाही.

यापुढे नमुने सिरिंजमधूनच भरायचे, तेही सुरुवातीचे, मधले आणि शेवटचे वेगळे, हे मी ठरवून टाकलं. या नमुन्यांची ताकद चमच्याने भरलेल्यांपेक्षा कमी भरली. अहवालात तोच आकडा दिला. पेशींवरची चाचणी त्याच लगद्यावर सुरू आहे.