दोन्ही ९९८ सीसीचीच

माझ्या १९७९ सालच्या मिनी १००० या गाडीचे मूळ इंजिन ९९८ सीसीचे होते. आता तिच्या बॉनेटखाली १९९८ सालच्या यामाहा आर-वन या मोटारसायकलचे इंजिन आहे आणि तेही ९९८ सीसीचेच आहे. हा निव्वळ योगायोग आहे, पण इंजिन पाहायला येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी तोच सांगतो, कारण पुढच्या साऱ्या भानगडी त्यातूनच उलगडत जातात. जुने इंजिन मिनिटाला ५,२५० फेऱ्यांना जेमतेम ३८ अश्वशक्ती देत असे. नवे १०,००० फेऱ्यांना १५० देते. आकारमान तेच असताना एवढा फरक पडतो याचे एक मोठे कारण सिलिंडरच्या घडणीत आहे. मिनीच्या इंजिनाचा बोर (सिलिंडरचा आतला व्यास) ६४.६ मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) ७६.२ मिमी, म्हणजे सिलिंडर अरुंद आणि उंच. आर-वनचा बोर ७४ मिमी आणि स्ट्रोक ५८ मिमी, म्हणजे सिलिंडर रुंद आणि बुटका. पिस्टनला एका फेरीत कमी अंतर कापावे लागते, म्हणून ते इंजिन जास्त फेऱ्या सहन करते. शिवाय प्रत्येक सिलिंडरला दोनऐवजी पाच व्हॉल्व्ह असल्यामुळे त्या वेगातही त्याचा श्वास कोंडत नाही.

मी मूळचा कोल्हापूरचा. अप्पांचे उद्यमनगरात लेथचे छोटे वर्कशॉप होते, त्यामुळे लोखंडाच्या चुऱ्याचा वास मला घरचाच आहे. गेली काही वर्षे मी बर्मिंगहॅमच्या दक्षिणेला राहतो. जिथे मिनी तयार होत असे तो लाँगब्रिजचा परिसर माझ्या घरापासून लांब नाही. शेजारचे एक निवृत्त फिटर गृहस्थ आणि मी अशा दोघांनी त्यांच्या गॅरेजमध्ये, शनिवार-रविवार धरून, सव्वा वर्षात हे काम केले.

मिनीत मोटारसायकलचे इंजिन बसवणे हा जुन्या गाडीवर अत्याचार आहे, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यांना मी मूळ गाडीची रचना नीट पाहायला सांगतो. सुएझच्या संकटात पेट्रोलचा तुटवडा झाला, त्यातून छोट्या गाडीची गरज पुढे आली आणि ॲलेक इसिगोनिस यांनी ऑगस्ट १९५९ मध्ये बाजारात आलेली ही गाडी आखली. सुमारे तीन मीटर लांबीत चार माणसे बसवायची म्हणून त्यांनी इंजिन आडवे ठेवले आणि गिअरबॉक्स थेट इंजिनाच्या पोटात, ऑइलच्या टाकीत घातला. इंजिन आणि गिअरबॉक्स यांना एकच ऑइल. आता जवळपास कोणत्याही जपानी मोटारसायकलचे इंजिन उघडून पाहा: आडवे इंजिन, त्याच कवचात गिअरबॉक्स आणि दोघांत एकच ऑइल. मिनी जन्मापासूनच अर्धी मोटारसायकल होती, असे माझे मत आहे.

या रचनेचा एक तोटा मात्र आम्हाला पहिल्याच दिवशी कळला. चेनपुलीला लटकवून जुने इंजिन वर उचलले, तेव्हा त्याच्याबरोबर गिअरबॉक्स तर गेलाच, पण डिफरन्शियल, म्हणजे वळणावर दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा दातेरी संचही गेला, आणि पुढच्या चाकांचे दोन्ही शाफ्ट मोकळे लोंबत राहिले. मोटारसायकलला डिफरन्शियल नसतेच, कारण तिला मागे एकच चाक असते. म्हणून चेनवर चालणारे डिफरन्शियल विकत आणावे लागले. आर-वनच्या स्प्रॉकेटवरून, म्हणजे चेनच्या दातेरी चक्रावरून निघालेली चेन त्यावरच्या मोठ्या स्प्रॉकेटला फिरवते आणि तिथून दोन्ही चाकांना शाफ्ट जातात. बाहेरचे जॉइंट मिनीचेच ठेवून शाफ्ट नव्या मापाचे करून घेतले.

अप्पांना हे सगळे फोनवर समजावून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला, "सगळं झ्याक हाय रं, पण मागं कशी घ्यायची?"

त्यांनी बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवले होते. आर-वनला सहा गिअर आहेत, पण रिव्हर्स नाही. ब्रिटनमध्ये चार चाकांच्या गाडीचे वजन ४१० किलोच्या वर असेल, तर तिला मागे जाण्याची सोय असणे कायद्यानेच बंधनकारक आहे, आणि मिनी त्याहून खूपच जड आहे. रिव्हर्सची वेगळी पेटी मिळते, पण ती महाग असते आणि आमच्या जागेत ती मावतही नव्हती. अखेर आम्ही डिफरन्शियलच्या कवचावर एक दातेरी कडे बोल्ट केले आणि भंगारातल्या मोटारीचा स्टार्टर त्याला लागेल असा बसवला. इंजिन न्यूट्रलमध्ये ठेवून बटण दाबले की स्टार्टर त्या कड्यात दात घालून चाके उलटी फिरवतो. यासाठी फिरण्याची दिशा आम्हाला हवी तशी असलेला स्टार्टर शोधण्यात तीन आठवडे गेले. गाडी माणसाच्या चालीने, पिठाच्या गिरणीसारखा आवाज करत मागे जाते. पार्किंगपुरते ते पुरेसे आहे. चढावर मागे घ्यायचा प्रसंग येऊ नये, एवढीच काळजी मी घेतो.

इंजिन बसवताना सर्वांत जास्त वेळ त्याच्या कलण्यात गेला. मोटारसायकलमध्ये ते ज्या कोनात पुढे झुकलेले असते, त्याच कोनात ते गाडीतही बसले पाहिजे, नाहीतर ऑइल खेचणारी नळी उघडी पडते आणि कार्ब्युरेटरमधली पेट्रोलची पातळीही बिघडते. आम्ही आधी पुठ्ठ्याचे साचे कापले, मग पाणसळ आणि कोनमापक लावून ब्रॅकेटना वेल्डिंगचे नुसते टाके मारले, इंजिन उतरवले, पुन्हा चढवले, पुन्हा मोजले. चारही कार्ब्युरेटर इंजिनामागच्या पत्र्यापासून दोन बोटांवर आले. तो पत्रा कापला असता तर सगळे सोपे झाले असते, पण त्याला हात लावायचा नाही असे आम्ही आधीच ठरवले होते. आमच्या कामाच्या वेळी फेरफार केलेल्या गाडीचा मूळ नोंदणी नंबर टिकवायला, मूळचे ठेवलेल्या भागांबद्दल मिळणारे, ८ गुण लागत असत. इंजिनाचा १ आणि ट्रान्समिशनचे २ गुण गेले तरी चालत होते, पण मूळ सांगाडा कापला की त्याचे ५ गुण एकदम जात आणि गाडीला नव्याने तपासणी द्यावी लागे.

एवढे करूनही मोठी चूक झालीच, आणि ती सर्वस्वी माझी होती. मोटारसायकलचे इंजिन गाडीत थरथरेल म्हणून मी त्याच्या पायांखाली मऊ रबर घालायचा आग्रह धरला. पहिल्याच फेरीत दुसऱ्या गिअरमध्ये जरा जोर दिला आणि पुढून असा कडकडाट झाला की मला वाटले गिअरबॉक्स फुटला. बॉनेट उघडून पाहिले, तर चेन स्प्रॉकेटच्या दातांवरून उडी मारत होती. जोर आला की चेन इंजिनाला डिफरन्शियलकडे ओढे, रबर दबे, दोघांतले अंतर कमी होई आणि चेन सैल पडे. मोटारसायकलमध्ये इंजिन फ्रेमला घट्ट आवळलेले का असते, हे मला त्या दिवशी खऱ्या अर्थाने समजले. मग रबर काढून टाकले, इंजिन आणि डिफरन्शियल यांच्यामध्ये पोलादी आडकाठी टाकली आणि चेन ताणण्यासाठी डिफरन्शियलच्या बाजूला सरकत्या खाचा केल्या. गाडी आता थरथरते, पण चेन जागची हलत नाही.

वायरिंगमध्ये एक गमतीदार अडचण आली. इंजिन व्यवस्थित चालू होई, पण पहिला गिअर टाकताच बंद पडे. दोन संध्याकाळी आम्ही क्लचला दोष देत बसलो. शेवटी लक्षात आले की दोष बाजूच्या स्टँडचा आहे, जो या गाडीला नाहीच. स्टँड खाली असताना गिअर पडला की इंजिन बंद व्हावे, अशी आर-वनमध्ये सोय आहे. आम्ही ती वायर तोडून मोकळी सोडली होती आणि इंजिनाची समजूत अशी की स्टँड अजून खालीच आहे. दोन टोके जोडली आणि प्रश्न मिटला.

ऑइलचा प्रश्न मात्र एवढ्यावर मिटला नाही. मोटारसायकल वळणावर कलते आणि तिच्याबरोबर ऑइलची टाकीही कलते, त्यामुळे ऑइल टाकीच्या तळाशीच राहते. मोटार कलत नाही, म्हणून वळणावर ऑइल एका कडेला धावते आणि पंप हवा ओढू लागतो. इंग्लंडात तर पावलोपावली गोल चौक आहेत, आणि वाहतूक डावीकडून असल्यामुळे प्रत्येक चौकात लांबलचक उजवे वळण घ्यावे लागते. म्हणून आम्ही ऑइलच्या दाबाचा वेगळा काटा लावला होता, आणि एका मोठ्या चौकात तो काटा माझ्या डोळ्यांदेखत खाली घसरला. एवढ्या फेऱ्यांवर बेअरिंगला ऑइल मिळाले नाही, तर इंजिन जायला फार वेळ लागत नाही. मी ताबडतोब गाडी सावकाश घरी आणली, टाकी उतरवली आणि आत आडवे पडदे वेल्ड करून नळीभोवती ऑइल अडून राहील असा हौद केला.

क्लचचे गणित अजूनही थोडे बिघडलेलेच आहे. आर-वनचे ऑइलविरहित वजन १७७ किलो. माझी गाडी दोन माणसांसकट त्या मोटारसायकल आणि स्वाराच्या जवळपास तिप्पट भरते. कडक स्प्रिंगा घातल्या आहेत, तरी चढावर थांबून निघताना क्लचप्लेटांचा वास येतोच. मदत झाली ती मिनीच्या चिमुकल्या चाकांची. १६५/७० मापाचा १० इंची टायर सुमारे ४८५ मिमी उंच असतो आणि आर-वनचा मागचा टायर सुमारे ६२२ मिमी, त्यामुळे गाडीचे सगळेच गिअर आपोआप पाचव्या हिश्श्याहून अधिक आखूड झाले. ब्रेक अर्थातच बदलले: मूळ गाडीला पुढेही ड्रम होते, तिथे कूपर एस या मिनीच्याच वेगवान प्रकाराचे ७.५ इंची डिस्क आले.

गाडी चालवायला कशी आहे, असे सगळे विचारतात. रोज कामावर जाण्यासाठी ती पूर्वीपेक्षा वाईट आहे, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. जुने इंजिन २,७०० फेऱ्यांनाच सगळा जोर देऊन मोकळे होत असे; हे इंजिन तेव्हा जांभया देत असते आणि त्याचा पूर्ण जोर ८,५०० ला येतो. गर्दीत सतत फेऱ्या वाढवत राहाव्या लागतात, आणि शेजारच्या गाडीतले लोक काचा खाली करून मोटारसायकल शोधतात. पण रस्ता मोकळा झाला, दांडी एकामागून एक मागे ओढत गिअर चढवले आणि काटा ९,००० च्या पुढे गेला, की मला एमओटी (गाडीची सक्तीची वार्षिक तपासणी), विमा आणि शेजाऱ्यांच्या तक्रारी यांतले काहीच आठवत नाही.

अप्पांना व्हिडिओवर गाडी दाखवली, तेव्हा या भागात त्यांना काडीचाही रस नव्हता. "मागं घेऊन दाव," म्हणाले. मी बटण दाबले, गिरणी सुरू झाली आणि गाडी गॅरेजबाहेर दोन मीटर आली. त्यांनी आवाज नीट ऐकला. "पिनियनला ग्रीस कमी हाय," एवढेच स्टार्टरच्या छोट्या दातेरी चाकाबद्दल म्हणाले, आणि ते खरेच कमी होते.