गेज लावल्याशिवाय हेड खोलत नाही

शहाद्यातल्या आमच्या दुकानाच्या भिंतीवर लाल रंगात लिहिलंय : 'गेज लावल्याशिवाय हेड खोललं जाणार नाही.' नवं गिऱ्हाईक ते वाचून विचारतं, म्हणजे काय? गेज म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजायचं यंत्र आणि हेड म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण. त्यामागे आमच्या धंद्याची सगळी गोष्ट आहे.

वडिलांनी दुकान टाकलं ते शेतीपंपांच्या डिझेल इंजिनांसाठी. आजूबाजूला ऊस, केळी, पपई, मिरची. हंगामात इंजिनांची रांग लागायची. विजेच्या मोटारी वाढल्या तसं हे काम आटलं. पुढे तापीवर सारंगखेडा आणि प्रकाशा इथे बॅरेज झाले, पाणी अडून राहू लागलं आणि मासेमारीच्या नावांची इंजिनं आमच्याकडे येऊ लागली. वर सातपुड्यात सरदार सरोवराचं पाणी नर्मदाकाठच्या पाड्यांत शिरलं होतंच. २०१९ मध्ये धरण पहिल्यांदा १३८.६८ मीटरपर्यंत भरलं. तिकडच्या कितीतरी पाड्यांना बाजार आणि दवाखाना गाठायचा तर नाव लागते. तिथे इंजिन बंद पडणं म्हणजे बाळंतीण काठावर अडकणं. मी हे काम जपून करतो ते त्यामुळे.

जपायला शिकलो ते मात्र एक नुकसान करून. तापीवरच्या एका भोई दादांचं तीन सिलिंडरचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे नावेच्या मागे टांगायचं पेट्रोल इंजिन, आलं. ओढत नाही, अशी तक्रार. नवीनच घेतलेलं कॉम्प्रेशन गेज लावलं. रीडिंग आलं ७०, ६८, ७१ पौंड (दर चौरस इंचाला). मी सांगून टाकलं, रिंगा (पिस्टनभोवतीची दाब धरून ठेवणारी कडी) गेल्या, काम मोठं आहे. दादांकडे तेवढे पैसे नव्हते. त्यांनी इंजिन मिळेल त्या भावात विकलं. घेणाऱ्याने कार्बोरेटर साफ केला, नवे प्लग टाकले आणि तेच इंजिन पुढे कित्येक वर्षं चालवलं. दोष इंजिनात नव्हता, माझ्या मोजण्यात होता. बॅटरी अर्धवट चार्ज होती आणि थ्रॉटल मी बंदच ठेवला होता. हवा आत जायलाच वाट नाही, तर दाब कुठून येणार? तिन्ही सिलिंडर एकसारखे कमी दाखवतात तेव्हा आधी स्वतःच्या मोजणीवर शंका घ्यावी, हे मला तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं. दादांना मी पुढे दोन हंगाम मजुरी न घेता काम करून दिलं. इंजिन काही परत आलं नाही.

आता आमची पद्धत ठरलेली आहे. आउटबोर्ड पाण्याच्या ड्रममध्ये उभं करून गरम होईपर्यंत चालवायचं. पाणी इंजिन थंड ठेवणाऱ्या पंपाच्या तोंडाच्या वर हवं, कोरडं चालवलं की पंपातलं रबरी चक्र, इम्पेलर, काही सेकंदांत जळतं. मग बॅटरी पूर्ण चार्ज आहे ना ते बघायचं आणि सगळे प्लग काढायचे, एकच नाही. काढलेले प्लग क्रमाने मांडायचे, रंगावरून निम्मं निदान तिथेच होतं. एखादा प्लग धुतल्यासारखा लख्ख निघाला तर त्या सिलिंडरमध्ये पाणी शिरतंय समजा. इंजिन बंद करणाऱ्या किल-स्विचची क्लिप ओढून ठेवायची आणि प्लगच्या वायरी इंजिनाच्या धातूला जोडून अर्थिंग करायच्या, नाहीतर इग्निशनचा डबा जळतो. थ्रॉटल पूर्ण उघडा. गेज चुडीचं, म्हणजे प्लगच्या जागी आट्यांनी घट्ट बसणारं घ्यावं, हाताने दाबून धरायचं नको. मग काटा चढायचा थांबेपर्यंत स्टार्टरने इंजिन फिरवायचं, साधारण पाच-सहा धक्के (पिस्टन एकदा हवा दाबतो तो एक धक्का). पहिल्या सिलिंडरला जितके दिले तितकेच प्रत्येकाला.

आकड्यापेक्षा मी फरक आधी बघतो. टू-स्ट्रोक आउटबोर्डला शंभर-सव्वाशेच्या आसपास पौंड मिळतात, पण नेमका आकडा त्या मॉडेलच्या पुस्तकातलाच धरावा. सिलिंडरांत दहा-पंधरा टक्क्यांहून जास्त तफावत आली की थांबायचं. काटा कसा चढतो तेही बघायचं. निरोगी सिलिंडर पहिल्याच धक्क्यात निम्म्याच्या वर उडी मारतो. हळूहळू चढत राहिला तर बहुधा रिंगा. फोर-स्ट्रोक असेल तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून परत मोजतो. दाब वाढला तर रिंगा, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह. शेजारचे दोन सिलिंडर एकत्र कमी आले तर दोघांमधलं हेड गॅसकेट, म्हणजे हेडखालची पट्टी फुटलेली. टू-स्ट्रोकला मात्र ऑइलच्या या परीक्षेवर मी विसंबत नाही. तिथे एक्झॉस्टचं कव्हर काढून पिस्टनवर ओरखडे आहेत का ते डोळ्यांनीच बघतो. पेट्रोलमध्ये ऑइल कमी टाकलं की पिस्टन घासतो, आणि आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या इंजिनांची हीच रड असते.

नर्मदेवरची सिंगल सिलिंडर डिझेल वेगळी. त्यांना पेट्रोलचं गेज कधीही लावू नका. तिथे दाब चारशे पौंडांच्या घरात जातो. डिझेल फवारणारा इंजेक्टर काढून त्याच्या जागी बसणारं डिझेलचं गेज लागतं, आणि इंजेक्टर परत बसवताना तांब्याचा वॉशर नवा. पण गेज लावण्याआधी वडिलांची रीत आजही करतो : डिकॉम्प्रेशनचा खटका (दाब निघून जावा म्हणून व्हॉल्व्ह उघडा धरणारा) मोकळा सोडायचा आणि फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाचं जड चाक, हाताने सावकाश फिरवायचं. दाबावर आलं की त्याने मागे ढकललं पाहिजे. गुपचूप पुढे सरकलं तर कान लावायचा. फसफस हवेच्या फिल्टरातून आली तर इनलेट व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट, ऑइल भरायच्या तोंडातून आली तर रिंगा. खटक्याला फट नसेल तर व्हॉल्व्ह किंचित उघडाच राहतो, म्हणून तो आधी तपासायचा. अशी दोन इंजिनं आम्ही काठावरच पाच मिनिटांत चालू करून दिली आहेत.

आता मुलगाही धंद्यात आहे. महिन्यातून एकदा तो पेटी घेऊन तळोद्याहून चांदसैली घाटाने धडगावला आणि पुढे नर्मदेवरच्या भुषाच्या काठावर जातो. इंजिन उचलून शहाद्याला आणायचं तर गाडीभाडं, माणसं आणि नावेचे चार दिवस बुडतात. तपासणीची मजुरी ठरलेली आहे, काम निघो वा न निघो. सुरुवातीला लोक कुरकुरायचे, "नुसतं मोजायचे पैसे?" मग त्यांना कार्ड दाखवलं. प्रत्येक इंजिनाचं आमच्याकडे एक कार्ड आहे. त्यावर तारीख आणि प्रत्येक सिलिंडरचा आकडा. गेल्या पावसाळ्याआधी एका नावेचं कार्ड काढलं, तर तिसरा सिलिंडर तीन वर्षांत ११८ वरून ११०, आणि ११० वरून ९८ वर उतरलेला. नाव अजून झकास चालत होती, नावाडी भाऊ मानायला तयार नव्हते. शेवटी हो म्हणाले. चिकटलेली रिंग पाणी चढायच्या आत बदलली, आणि कार्डावर नवा आकडा लिहिला : ११७.