पलीकडचं पाणी

अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहाल का, असा शाळेतून फोन आला आणि मी आधी माळ्यावरची भूगोलाची वही काढली. शाळेनं पुष्कळ दिलं, जन्माचे मित्र दिले; पण आठवायला बसलं की भूगोलाचे सरच समोर उभे राहतात. नाव लिहीत नाही. त्यांच्या हाताखालून गेलेला कुणीही ओळखेल.

१९८३ साल, आठवी 'क'. भरती-ओहोटीचा धडा. वर्गातल्या बहुतेकांना समुद्र सहलीपुरता ठाऊक. माझं आजोळ हर्णैचं. भरती दिवसातून दोनदा येते आणि रोज पाऊण-एक तास उशिरा येते, हे मी आजोबांबरोबर पुळणीवर बसून पाहिलेलं. सर म्हणाले, अलीकडचं पाणी चंद्र ओढतो आणि पृथ्वी स्वतःभोवती फिरते म्हणून पलीकडचं बाहेर फेकलं जातं. मी हात वर केला. "सर, फिरण्यानं फेकलं जात असेल तर सगळीकडूनच फेकलं जाईल. चंद्राच्या बरोबर विरुद्ध बाजूलाच का?"

सर आपल्याच आकृतीकडे बघत राहिले. बोटांत खडू फिरत होता. मग वळून म्हणाले, "तुझं बरोबर आहे. मला हे येत नाही. सोमवारी सांगतो." मागच्या बाकांवर खसखस पिकली. सर रागावले नाहीत.

आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था पुण्यात आली १९८८ मध्ये. तेव्हा असं काही विचारायला जाणार कुठे? सर सायकल काढून ओळखीच्या एका भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांकडे गेले होते, हे मागाहून कळलं.

सोमवारी फळ्यावर पृथ्वी काढून त्यांनी तीन बाण काढले. चंद्राकडच्या पाण्याला लांब, मधल्या पृथ्वीला त्याहून आखूड, पलीकडच्या पाण्याला सगळ्यांत आखूड. "अंतर वाढलं की ओढ कमी. अलीकडचं पाणी पृथ्वीच्या पुढे जातं, पलीकडचं मागे राहतं. म्हणून फुगवटे दोन, आणि दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं." मग म्हणाले, "इतकी वर्षं मी हे चुकीचं शिकवलं. वह्या जमा करा."

त्याच दिवशी ते नववीत आणि दहावीतही गेले, दुसऱ्यांच्या तासातली दहा-दहा मिनिटं मागून. माझी ताई दहावीत होती. संध्याकाळी ती आईला सांगत होती, "सर आले आणि म्हणाले, दोन वर्षांपूर्वी मी तुम्हाला चूक सांगितलं होतं." आईनं पोळी लाटता लाटता तिला ते पुन्हा सांगायला लावलं.

कोथरूडला माझा दवाखाना आहे, २८ वर्षं झाली. गेल्या वर्षी एका आजींच्या तापाचं माझं निदान चुकलं. लक्षात आल्याबरोबर त्यांच्या मुलाला तसं सांगितलं, औषध बदललं. आजी बऱ्या झाल्या, पण ते कुटुंब पुन्हा माझ्याकडे आलं नाही. वाईट वाटलं. तरी पुढच्या वेळीही मी सांगेनच. माझ्या मुलीला मात्र क्लासमध्ये शंकेला उत्तर मिळायचं, "हे परीक्षेला नाही." तेव्हा फार तुटायचं आतून.

सर गेले तेव्हा मी परगावी शिकत होतो. हे त्यांना कधी सांगितलंच नाही.

वही शाळेच्या प्रदर्शनासाठी दिली आहे. भरती-ओहोटीच्या पानावर चार ओळींवर लाल शाईची तिरकी रेघ आहे आणि समासात सरांच्या अक्षरात लिहिलंय, "चूक माझी, विद्यार्थ्याची नाही." खाली सही, तारीख.