बीम फ्लेकवर नव्हताच, तरी सिग्नल येत होता

आमच्या इन्फ्रारेड डिटेक्टरच्या प्रयोगात लॉक-इनवर (अगदी बारीक सिग्नल मोजणारं यंत्र) तो आकडा दिसला तेव्हा पहिले काही मिनिटं कोणाचाच विश्वास बसेना. सॅम्पल साधंच होतं, मोलिब्डेनम डायसल्फाइडचा काही थरांचा फ्लेक म्हणजे पापुद्रा, स्कॉच टेपने सोलून काढलेला (हो, अजूनही टेपच, २००४ ला मँचेस्टरवाल्यांनी ग्राफीन असंच तर काढलं), खाली ३०० नॅनोमीटर ऑक्साइडवाला सिलिकॉन आणि दोन टोकांना सोन्याचे कॉन्टॅक्ट. बाहेरून व्होल्टेज काहीच द्यायचं नाही, नुसता प्रकाश टाकायचा आणि काय येतं ते बघायचं.

आता गंमत बघा, या मटेरियलचा बँडगॅप (आतला इलेक्ट्रॉन मोकळा करायला फोटॉनमध्ये किमान लागणारी ऊर्जा) साधारण १.३ इलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणजे १ मायक्रॉन वेव्हलेंग्थच्या पुढचं त्याला काही दिसायलाच नको. आणि आम्ही टाकत होतो ९ मायक्रॉनच्या आसपासचा प्रकाश, ज्याच्या एका फोटॉनमध्ये जेमतेम ०.१४ इलेक्ट्रॉनव्होल्ट. तरी मायक्रोव्होल्टमध्ये सिग्नल, एकदम स्वच्छ, बीमसमोर पुठ्ठा धरला की शून्य.

"ताई, पिकअप असेल, ग्राउंड चेक करू का?" ज्युनिअर म्हणाला, म्हणजे बाहेरच्या वायरींतून घुसलेला खोटा सिग्नल. केलं. ग्राउंड ठीक होता.

मग बीम सरकवत नेला. हा बीम डोळ्यांना दिसत नाही त्यामुळे अलाइनमेंट म्हणजे डोक्याला ताप, आधी लाल लेसर झिंक सेलेनाइडच्या त्या पिवळट खिडकीतून आत सोडायचा, तो जिथे पडतो तिथेच इन्फ्रारेडचा पण पडतोय असं धरून चालायचं आणि स्टेज अगदी थोडी थोडी हलवायची. डाव्या कॉन्टॅक्टवर सिग्नल भरपूर, मध्ये आला की जवळजवळ गायब, उजव्या कॉन्टॅक्टवर परत तेवढाच पण फेज १८० अंशांनी उलटी, म्हणजे व्होल्टेजची दिशाच उलटी. हे बघून निम्मं कोडं सुटलं. सीबेक नावाच्या शास्त्रज्ञाने १८२१ मध्ये पाहिलं होतं तेच हे, एक टोक गरम एक गार की व्होल्टेज तयार होतं, मध्यावर तापवलं तर दोन्ही बाजू एकमेकींना खाऊन टाकतात. उष्णतेला बँडगॅपशी काही देणंघेणं नसतं. कोविडमध्ये गेटवर वॉचमन कपाळासमोर जी बंदूक धरायचे तिच्यातला थर्मोपाइल सेन्सरही याच तत्त्वावर चालतो.

पण ज्युनिअर पोरगा चिवट, त्याने बीम फ्लेकच्या बाहेर नेला, कॉन्टॅक्टशेजारच्या उघड्या ऑक्साइडवर. सिग्नल कमी झाला पण गेला नाही! मी म्हटलं बीमचं शेपूट फ्लेकवर पडत असेल, या वेव्हलेंग्थला स्पॉट फार बारीक होतच नाही. तो म्हणाला मग वेव्हलेंग्थ बदलून बघू, आपला इन्फ्रारेडचा क्वांटम कॅस्केड लेसर ट्यून होतोच की. प्रत्येक वेव्हलेंग्थला पॉवर मोजून, सिग्नलला त्या पॉवरने भागत स्वीप केला तर ९ मायक्रॉनच्या पुढेमागे सिग्नल चांगलाच वर चढला आणि दोन्हीकडे उतरला. आमच्या गाइड मॅडम मागून बघत होत्या, त्यांनी काही न बोलता सिलिकॉन ऑक्साइडच्या शोषणाचा ग्राफ त्याच स्क्रीनवर आणून ठेवला. शिखर तिथेच!

म्हणजे इन्फ्रारेड पकडत होता खालचा ऑक्साइड, तो तापून कॉन्टॅक्ट तापवत होता आणि आमचा लाडका द्विमितीय फ्लेक नुसता थर्मामीटरचं काम करत होता. ज्युनिअरचा चेहरा पडला, मला मात्र हे जास्त आवडलं. उलट बरंच आहे ना, काही अणूंच्या जाडीचा फ्लेक एवढ्या लांब तरंगाचं शोषून शोषून किती शोषणार? शोषायचं काम दुसऱ्याला द्या, याला फक्त उष्णतेचं व्होल्टेज करायचं सीबेकचं काम सांभाळू द्या. कूलिंग नको, बायस (बाहेरचं व्होल्टेज) नको, त्यामुळे डार्क करंटची (प्रकाश नसतानाही वाहणाऱ्या करंटची) कटकट पण नाही.

खरी वादावादी त्यानंतर झाली, रिस्पॉन्सिव्हिटीवरून, म्हणजे पडलेल्या प्रत्येक वॅटमागे किती सिग्नल मिळतो त्यावरून. फ्लेकच्या क्षेत्रफळावर पडलेलीच पॉवर धरली तर आकडा मस्त फुगतो, पेपरात दिसायला पण भारी, पण आजूबाजूच्या ऑक्साइडने शोषलेली उष्णता फुकटात मोजली जाते त्याचं काय? माझ्या मते असे आकडे वाचताना आधी सब्स्ट्रेट, म्हणजे फ्लेकखाली काय आहे ते, बघावा. मॅडमनी सरळ सांगितलं, पूर्ण बीमची पॉवर धरा, आकडा पडला तर पडू दे. पडलाच, आणि बराच. आता ज्युनिअर सिलिकॉन नायट्राइडच्या अधांतरी मेम्ब्रेनवर फ्लेक बसवायच्या मागे आहे, म्हणजे खालचा जाड सिलिकॉन उष्णता ओढून घेणार नाही. सिग्नल वाढेल पण डिटेक्टर हळू होईल, चॉपरचा (बीम अडवत-सोडत फिरणाऱ्या चकतीचा) वेग वाढवला की सिग्नल उतरेल, असं मी त्याला म्हटलंय, तो ऐकत नाहीये.