सेव्हियाचा तापास बार : बाहेर टेबल घेण्याआधी हे वाचा

स्पेनला जायचं ठरलं असेल आणि तापास खायचे म्हणून तुम्ही आत्तापासून खुशीत असाल, तर एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. मला ती कुणी सांगितली नव्हती आणि अजून आठवलं की डोकं तापतं. तापा (अनेक असले की तापास) म्हणजे पदार्थाची छोटी बशी, ती पुष्कळ बारमध्ये फक्त काउंटरपाशी उभं राहून खाणाऱ्यालाच देतात. बाहेर टेबलावर बसलात की तोच पदार्थ मोठ्या ताटलीत येतो, त्याला रासिऑन म्हणतात. त्याच्या निम्म्याला मेदिया रासिऑन. बशी साधारण चार युरोला असेल तर ताटली बारा-चौदाला. सगळेच बार असं करत नाहीत, पण करणारे तुम्हाला आपण होऊन सांगतीलच असं नाही.

आम्ही तिघं होतो. मी, नवरा आणि माझी आई. आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे उभं राहून खाणं तिला जमत नाही. शिवाय ती शाकाहारी, अंडंही चालत नाही. आधीच्या ग्रानादा शहरात आमचं छान जमलं होतं. तिथे पेय मागवलं की सोबत तापा फुकट येतो. कोणता, ते बारवाला ठरवतो, म्हणून पेय सांगतानाच "सिन कार्ने, सिन पेस्कादो, सिन हामोन" म्हणजे मांस नको, मासे नकोत, हॅम नको, असं सांगून टाकायचं. बशी आल्यावर सांगून उपयोग नसतो. आईसाठी आम्ही मोस्तो मागवायचो, द्राक्षाचा न आंबवलेला रस. एका ठिकाणी उसाची काकवी घातलेली तळलेली वांगी आली, ती तिला इतकी आवडली की पुढे सगळीकडे आम्ही तीच शोधत होतो.

मग सेव्हिया, म्हणजे इंग्रजीतलं सेव्हिल. संध्याकाळी सातला भूक लागली तर हाल होतात. दुपारी चारच्या सुमारास बहुतेक स्वयंपाकघरं बंद होतात, ती आठ-साडेआठला उघडतात. स्थानिक मंडळी तर नऊनंतर जेवायला निघतात. दिवसभर हिंडून आई दमली होती, म्हणून जुन्या गावातल्या एका बारबाहेर टेबल मोकळं दिसताच बसलो. नाव लिहीत नाही. मेनूवर प्रत्येक पदार्थापुढे तीन भाव होते : तापा, मेदिया, रासिऑन. मी पहिल्या रकान्यावर बोट ठेवून विचारलं, "तापा?" वेटर "सी, सी" म्हणाला आणि वहीत लिहून आत गेला. पालक-छोले, वांगी आणि आम्हा दोघांसाठी व्हिनेगरमध्ये मुरवून तळलेला मासा.

ताटल्या आल्या त्या परातीएवढ्या. वाटलं, इथे तापा असाच भरघोस देत असतील. पावाची टोपली आम्ही मागवली नव्हती, तीही आली.

खाऊन झाल्यावर बिलाची वाट बघणं सुरू झालं. स्पेनमध्ये मागितल्याशिवाय बिल येत नाही. गिऱ्हाइकाला उठवायचं नाही अशी तिथली रीत आहे आणि ती मला आवडते. पण आम्ही मागितलं होतं. "ला कुएंता, पोर फावोर" म्हटलं, हवेत लिहिल्यासारखा हात केला, वेटर मान हलवून गेला तो गेलाच. शेजारची दोन टेबलं उठली, पुसली गेली, तिथे नवी माणसं बसली, त्यांचे ग्लास आले. नवरा आत जाऊन सांगून आला. आई शाल लपेटून पेंगायला लागली. माझा संयम तोवर संपत आला होता.

शेवटी बिल आलं : 55 युरो 60 सेंट. तिन्ही पदार्थ रासिऑनच्या भावाने, बारा, बारा आणि चौदा. शिवाय तिघांचा पाव साडेचार युरोचा. उरलेले पेयांचे. मी वेटरला बोलावून मेनूवरच्या पहिल्या रकान्यावर पुन्हा बोट ठेवलं. तो म्हणाला, बाहेर तापा देत नाही. मग "सी, सी" कशाला म्हणालात? आणि हे लिहिलंय कुठे? त्यावर खांदे उडवून तो दुसऱ्या टेबलाकडे वळला.

"अगं, दे पैसे आणि चल. परक्या मुलखात कशाला तंटा?" आई म्हणाली.

"आई, लिहिलं असतं तर मुकाट्याने दिले असते. लिहिलेलं नाही."

मी आत गेले. कॉफीच्या मशीनच्या वर भिंतीवर एक पाटी होती, तक्रारीचे अर्ज इथे उपलब्ध आहेत असं सांगणारी. आंदालुसियात, म्हणजे ही दोन्ही शहरं ज्या प्रांतात येतात तिथे, हे अर्ज प्रत्येक दुकानाला, हॉटेलला ठेवावेच लागतात आणि तशी पाटीही लावावी लागते. हे मला आदल्याच दिवशी आमच्या मुक्कामाच्या जागी स्वागतकक्षातल्या बाईंनी सांगितलं होतं. मी पाटीकडे बोट दाखवून म्हटलं, "ओखा दे रेक्लामासिओनेस, पोर फावोर." काउंटरवरचा मुलगा म्हणाला, अर्ज संपलेत. मी तिथेच उभी राहिले. आवाज चढवला नाही, पण हललेही नाही. थोड्या वेळाने मागून व्यवस्थापक आला, बिल पाहिलं, मेनू पाहिला आणि पेन काढलं. पाव खोडला. पालक आणि वांगी मेदियाच्या भावाने, साडेसातने लावली. माशाचा भाव तसाच ठेवला. 42 युरो 10 सेंट झाले. वर तीन छोटे ग्लास दारू देऊ केली, ती मी नको म्हटलं. पैसे मोजून दिले आणि छापील पावती घेतली. पूर्ण न्याय मिळाला असं मी म्हणणार नाही, पण ती पाटी वाचल्याचा मला आजही अभिमान आहे.

त्यामुळे बसण्यापूर्वीच विचारा, तापा टेबलावर मिळेल का. पाव नको असेल तर आल्याबरोबर परत पाठवा, हात लावू नका. साधं पिण्याचं पाणी मागितलं तर ते फुकट द्यायला हवं, असा तिथे 2022 सालापासून कायदा आहे. "आग्वा देल ग्रिफो" म्हणजे नळाचं पाणी असं म्हणा, नाहीतर बाटली उघडून येते.

दुसऱ्या दिवशी आम्ही 1670 साली सुरू झालेल्या एल रिंकोन्सियो या बारमध्ये गेलो. दार उघडायच्या वेळीच पोचलो, म्हणून काउंटरच्या टोकाला आईला टेकायला जागा मिळाली. डोक्यावर हॅमच्या तंगड्या टांगलेल्या, आई वर बघतच नव्हती. वेटर दिलेल्या प्रत्येक बशीचा भाव लाकडी काउंटरवर आपल्यासमोर खडूने लिहितो, शेवटी बेरीज करतो, पैसे घेतो आणि फडक्याने पुसून टाकतो. हिशेब सतत डोळ्यांपुढे असतो, वाद होणार कसा? पालक-छोले इथेही घेतले. लसूण आणि जिऱ्याचा वास, पालक अगदी मऊ शिजलेला, रस तळलेला पाव वाटून दाट केलेला. आईने पहिल्या घासालाच विचारलं, "यात जिरं आहे ना गं?" आणि बशी एकटीने संपवली.

शाकाहारी लोकांसाठी आठवलं ते सांगते. 'वेखेताल' म्हणजे भाज्यांचं असं लिहिलेल्या सँडविचमध्येही बऱ्याचदा टूना आणि अंडं असतं. साल्मोरेखो हे टोमॅटोचं थंड, दाट सूप फार छान, पण वरून हॅम आणि अंडं भुरभुरतात, दोन्ही नको म्हणून सांगा. बटाट्याचा तोर्तिया म्हणजे जाड ऑम्लेटच, त्यात अंडं असतंच. रशियन सॅलडमध्ये बहुधा टूना. क्रोकेतास, म्हणजे आतून मऊ असे तळलेले छोटे रोल, बहुतेक ठिकाणी हॅमचे. वांगी माशांच्याच तेलात तळतात का, हे विचारून घ्या. सेव्हियातल्या त्या बारनंतर आईने पुन्हा कुठे वांगी खाल्ली नाहीत ती याच कारणाने. आणि हो, रविवारी रात्री बरेच बार बंद असतात, तेव्हा शनिवारीच फळं, चीज आणून ठेवा.